डेल्फीला मुक्काम करावा का? हो, आणि जमल्यास दोन रात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये ग्रीससाठी आठ दिवस हाताशी आहेत. बरोबर सत्तरीतले आई-बाबा आणि अकरावीतली मुलगी. बाबांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी. डेल्फी अथेन्सहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत उरकावं की तिथे राहावं, आणि राहायचं तर कुठे?

राहा. डेल्फी म्हणजे डोंगरउतारावरचं अपोलो देवाचं प्राचीन देवस्थान, जिथे लोक देवाचा कौल घ्यायला यायचे. दोन रात्री मिळाल्या तर उत्तम, त्यासाठी बेटांवरची एक रात्र कमी करावी लागली तरी करा. मी अनेक वर्षं मराठी मंडळींना ग्रीसला नेते आहे आणि आमच्या कार्यक्रमात डेल्फीचा मुक्काम मी कधीच सोडत नाही, त्याची कारणं सांगते.

अथेन्स ते डेल्फी साधारण १८० किलोमीटर. रस्त्याने अडीच ते तीन तास लागतात. एका दिवसाच्या सहली सकाळी अथेन्सहून सुटतात आणि साडेदहा-अकराच्या सुमारास पोचतात. सगळ्यांच्या बस जवळपास एकाच वेळी येतात. म्हणजे ऊन चढलेलं, वाट अरुंद, पुढे-मागे वेगवेगळ्या भाषांतले गट, आणि अवशेष, संग्रहालय, जेवण हे सगळं तीन-चार तासांत बसवायचं. अशा घाईत वयस्कर माणसं देवळापर्यंत कशीबशी चढतात, नाट्यगृह राहून जातं, संग्रहालयात पाय बोलायला लागलेले असतात, आणि रस्त्याखालचा गोल मंडप बसच्या खिडकीतून दाखवला जातो. पैसे तेवढेच जातात, बघून मात्र अर्धंही होत नाही.

तिथे मुक्कामाला असलात की हेच सगळं बदलतं. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा तुम्ही चालत पोचलेले असता. पहिले दोन तास तो अख्खा डोंगरउतार जवळजवळ तुमचाच. बाबांना जिथे बसावंसं वाटेल तिथे बसता येतं. डेल्फी ही सपाटीवर मांडलेली जागा नाही. वर फेड्रियाडीसचे उभे कडे, खाली प्लेइस्टोस नदीची खोल दरी, त्यापलीकडे इटेआच्या खाडीपर्यंत पसरलेलं ऑलिव्हचं रान. चढताना प्रत्येक वळणावर समोरचं दृश्य नव्याने उघडतं. प्राचीन काळचे यात्रेकरू खालच्या किनाऱ्यावर बोटीतून उतरून हा डोंगर चढत यायचे. देवाचा कौल मिळण्याआधी ही चढण होती, आणि ती सावकाश चढल्याशिवाय ही जागा समजत नाही असं माझं ठाम मत आहे.

आता राहायचं कुठे. आजचं डेल्फी गाव अवशेषांपासून पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. हे गाव मुळात इथे नव्हतं. कास्त्री नावाचं खेडं थेट प्राचीन देवस्थानाच्या डोक्यावर वसलेलं होतं, देवळाचे दगड घरांच्या भिंतींत गेलेले. खोदायचं तर गाव हलवणं भाग होतं. उत्खननाचा हक्क कोणाला द्यायचा यावर फ्रान्स आणि ग्रीसमध्ये दहा वर्षं घोळ चालला आणि त्यात एक मोठा मुद्दा होता ग्रीक बेदाण्यांवरच्या आयातकराचा! अखेर १८९१ मध्ये करार झाला, फ्रेंच संसदेने पाच लाख फ्रँक मंजूर केले, गाव उचलून आजच्या जागी नेलं आणि १८९२ पासून तेओफिल ओमोल यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन सुरू झालं. तुम्ही ज्या हॉटेलात उतराल त्याच्या मालकाचे पणजोबा कदाचित अपोलोच्या देवळावर बांधलेल्या घरात जन्मलेले असतील. गप्पा मारायला बसलात तर हा विषय जरूर काढा. तिथली माणसं यावर मनापासून बोलतात.

गावात दोनच मुख्य रस्ते, डोंगराला समांतर, एकाखाली एक. त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत. तुमच्या बाबांसाठी महत्त्वाचं हे, की खोली घेताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. लिफ्ट आहे का, ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, आणि खोली दरीच्या बाजूची आहे का. उतारावरच्या बऱ्याच हॉटेलांत स्वागतकक्ष रस्त्याच्या पातळीवर असतो आणि खोल्या त्याच्या खालच्या मजल्यांवर, त्यामुळे ‘तळमजला’ या शब्दावर विसंबू नका. दरीकडच्या बाल्कनीसाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्या. संध्याकाळी तिथे बसून खाडीवरचा उजेड बदलताना पाहणं हा इथल्या मुक्कामाचा अर्धा आनंद आहे. हॉटेलं जुनी, साधी, बहुतेक घरच्या माणसांनी चालवलेली. चकचकाट शोधू नका. चादरी स्वच्छ असतात, नाश्ता पोटभर मिळतो.

दहा किलोमीटर पूर्वेला आराखोवा आहे. जास्त उंचावरचं, दगडी घरांचं, देखणं गाव. पण पार्नासोस डोंगरावर बर्फ पडला की अथेन्सचे लोक स्कीइंगसाठी तिकडे लोटतात, शनिवार-रविवारी दर चढतात आणि मुख्य रस्ता तुंबतो. ऑक्टोबरमध्ये हा त्रास नसतो, तरी तुम्ही डेल्फीतच राहा, कारण सकाळी आठला पायी पोचता येणं हाच या मुक्कामाचा गाभा आहे. स्वतःची गाडी असेल आणि समुद्र हवा असेल तर खाली गालाक्सिदी हे जुन्या जहाजमालकांचं बंदर फार छान आहे, पण तिथून डेल्फीला यायला पाऊण तास धरा.

गुडघ्यांबद्दल खरं खरं सांगते. प्रवेशद्वारापासून वरच्या स्टेडियमपर्यंत सुमारे शंभर मीटरचा चढ आहे. वाट नागमोडी, काही ठिकाणी खडी, काही ठिकाणी शतकानुशतकं पाय पडून गुळगुळीत झालेला दगड. जे ज्येष्ठ पर्वती सावकाश चढून उतरू शकतात, ते नाट्यगृहापर्यंत आरामात जातात असा माझा अनुभव आहे. त्रास उतरताना होतो, म्हणून काठी आणि चांगल्या पकडीचे बूट हवेतच. चपला, सँडल नकोत. बाबांनी देवळापर्यंत यायचं ठरवलं तरी पुष्कळ झालं. तुम्ही आणि मुलगी वर जाऊन या, ते तिथे सावली बघून बसतील. दरड कोसळण्याच्या भीतीने स्टेडियमकडची वाट कधी कधी बंदही असते, तेव्हा तिथे जाणं झालं नाही तर हिरमुसू नका.

चढताना काय बघायचं? सुरुवातीचा पवित्र मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नगरांनी अपोलोला अर्पण केलेल्या वास्तू आणि पुतळ्यांचे चौथरे. एकमेकांवर कुरघोडी करायला उभारलेले. शत्रूवरच्या विजयाचं स्मारक शत्रूच्याच स्मारकासमोर. इथे घाई करू नका. सिफ्नोस बेटाने खाणींच्या उत्पन्नातून बांधलेलं कोषगृह, म्हणजे अर्पणं ठेवायची छोटी इमारत, मग अथेन्सचं. हे १९०३ ते १९०६ मध्ये मूळ दगड जुळवून पुन्हा उभं केलं, त्याचा खर्च अथेन्स नगरपालिकेने दिला. पर्शियनांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईतल्या लुटीतून ते बांधल्याचं पौसानियस हा प्राचीन प्रवासी लिहून गेला आहे. त्याच्या भिंतीवर अपोलोची दोन स्तोत्रं स्वरलिपीसकट कोरलेली सापडली. ते शिलालेख आता संग्रहालयात आहेत. घरात कोणी गाणं शिकत असेल तर त्यांना ते आवर्जून दाखवा: अक्षरांच्या ओळींवर कोरलेली स्वरचिन्हं, दोन हजार वर्षांहून जुनी.

पुढे देवळाच्या ओट्याला टेकून एक भिंत आहे, वेड्यावाकड्या आकाराचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेली. बहुतेक गट तिच्यासमोरून पुढे निघून जातात. तुम्ही जवळ जा. तिच्यावर बारीक अक्षरांत शेकडो लेख कोरले आहेत आणि त्यातले बहुसंख्य गुलामांच्या मुक्तीचे दस्तऐवज आहेत. मालक गुलामाला देवाला ‘विकायचा’ आणि त्या व्यवहाराने तो मुक्त व्हायचा. साक्षीदार, किंमत, अटी, सगळं दगडावर. राजे आणि सोन्याची दानं यांच्या गोष्टी ऐकून झाल्यावर या भिंतीपाशी मला दरवेळी थांबावंसं वाटतं, कारण इथे साध्या माणसांची नावं आहेत.

देऊळ म्हणजे आज ओटा आणि पुन्हा उभे केलेले मोजके खांब. इ.स.पू. ३७३ मध्ये आधीचं देऊळ भूकंपात पडलं, त्यानंतर चौथ्या शतकात बांधलेल्या देवळाचे हे अवशेष. कौल देणारी पुजारीण, पिथिया, आतल्या गाभाऱ्यात बसायची. महिन्यातून एकदा, सातव्या दिवशी, आणि हिवाळ्याचे तीन महिने वगळून, कारण तेव्हा अपोलो उत्तरेला गेलेला असे. म्हणून रांगेला महत्त्व होतं. देवळासमोरची मोठी वेदी कीऑस बेटाच्या लोकांनी बांधली, त्यांना आधी प्रश्न विचारण्याचा मान होता आणि तो त्यांनी वेदीवर कोरूनही ठेवला आहे. मुलीला हे सांगा, तिला लगेच कळेल.

देवळात ‘स्वतःला ओळख’, ‘अति नको’ अशी वचनं लिहिलेली होती. अफगाणिस्तानातल्या ऐ खानुम या ग्रीक नगरात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना एक शिलालेख मिळाला, त्यात क्लेआर्खोस नावाच्या माणसाने ही वचनं डेल्फीत काळजीपूर्वक उतरवून घेऊन इतक्या दूर आणल्याचं म्हटलं आहे. आपल्याकडे कार्ले, नाशिक आणि जुन्नरच्या लेण्यांत ‘यवन’ दात्यांचे लेख आहेत. खांब दिला, टाकं दिलं, नाव कोरलं. डेल्फीच्या पवित्र मार्गावर उभं राहून ते लेख आठवले की दान देऊन दगडावर नाव ठेवण्याची ही रीत किती दूरवर होती ते जाणवतं. जाण्याआधी एकदा कार्ल्याला जाऊन या, मुलीला दोन्ही जागा जास्त कळतील.

एक वस्तू मात्र तुम्हाला इथे मूळ स्वरूपात दिसणार नाही. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटेआला पर्शियनांवर मिळवलेल्या विजयानंतर ग्रीकांनी इथे तीन सापांचा पीळ असलेला कांस्यस्तंभ अर्पण केला होता. तो सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला आणि आजही तो इस्तंबूलच्या जुन्या रथशर्यतीच्या मैदानात उभा आहे. तुमचं विमान इस्तंबूलमार्गे असेल आणि मध्ये बराच वेळ असेल, तर तो बघून या.

साडेदहाच्या सुमारास गर्दी वाढली की खाली उतरा आणि संग्रहालयाच्या कॅफेत कॉफी घ्या. संग्रहालय जेवणानंतर करा. एकच तिकीट दोन्हींसाठी चालतं, ते फेकू नका. संग्रहालय मोठं नाही, दीड तासात नीट बघून होतं. नाक्सोसची स्फिंक्स, सिफ्नोसच्या कोषगृहाची शिल्पपट्टी, मग शेवटी सारथी. १८९६ मध्ये सापडलेला हा माणसाच्या उंचीचा कांस्य पुतळा सिसिलीतल्या ‘गेला’ नावाच्या नगराचा सत्ताधीश पोलिझालोस याच्याशी संबंधित आहे, त्याने रथशर्यतीच्या विजयासाठी तो अर्पण केला. कांस्याचे पुतळे पुढच्या काळात वितळवले गेले. हा वाचला कारण तो दरडीखाली गाडला गेला, बहुधा त्याच ३७३ च्या भूकंपात. त्याच्या समोर उभं राहून झालं की बाजूने बघा. डोळ्यांत बसवलेली बुबुळं, तांब्याच्या पापण्या, पायांच्या नखांपर्यंतचं काम. शर्यत संपलेली आहे, तो जिंकलेला आहे, आणि चेहऱ्यावर जल्लोष नाही. इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

संग्रहालयात आणि अवशेषांत पुतळ्यांची नक्कल करत फोटो काढू नका, दगडांवर बसू-चढू नका. रखवालदार शिट्टी वाजवतात आणि ते बरोबरच आहे. अजून एक, ग्रीसमध्ये अशा स्थळी माहिती सांगण्याचं काम फक्त परवानाधारक मार्गदर्शकांनाच करता येतं. म्हणून मी आमच्या मंडळींना आदल्या संध्याकाळीच हॉटेलात सगळी गोष्ट मराठीत सांगते आणि सकाळी स्थानिक मार्गदर्शक घेते. तुम्हीही वाचन रात्रीच करा, सकाळी नुसतं बघा.

संध्याकाळी चार-साडेचारला मार्मारिया, म्हणजे अथेना देवीचं स्थान. मुख्य अवशेषांपासून रस्त्याने पूर्वेला गेलं की वाटेत कास्तालियाचा झरा लागतो, जिथे यात्रेकरू शुद्ध होत. कड्यावरून दगड पडतात म्हणून तो आता कुंपणाबाहेरूनच बघावा लागतो. त्यापुढे खालच्या अंगाला हे अथेनाचं स्थान आणि तो गोल मंडप, थोलोस. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा, बाहेर वीस खांब होते, त्यातले तीन १९३८ मध्ये पुन्हा उभे केले. तो कशासाठी बांधला होता हे कोणालाच ठाऊक नाही. बाबांसाठी गावातून टॅक्सी सांगा, कारण परतीचा रस्ता चढाचा आहे आणि त्यावर गाड्या वेगात असतात. सप्टेंबरपासून बंद होण्याची वेळ टप्प्याटप्प्याने अलीकडे येत जाते, म्हणून सकाळीच दारावर त्या दिवसाची वेळ विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी दोन गट करते. ज्यांचे पाय धड आहेत ते पार्नासोसवरच्या कोरिकियन गुहेकडे. पॅन हा रानदेव आणि वनदेवता यांची ही गुहा, तिथे भाविकांनी वाहिलेली हजारो सांध्याची हाडं सापडली, जी फाशांसारखी वापरत. पर्शियन चाल करून आले तेव्हा डेल्फीतली माणसं याच गुहेत लपली होती असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. गावातून जुनी पायवाट चढत जाते, पण ती दिवसभराची आणि खडी आहे. आराखोव्याहून पठारापर्यंत गाडीने जाऊन शेवटचं थोडं चालणं जास्त शहाणपणाचं. आई-बाबांसाठी मात्र होसिओस लुकास हा अकराव्या शतकातला मठ, सोनेरी मोझॅइकसाठी प्रसिद्ध, टॅक्सीने पाऊण तासावर. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. वाटेवरच्या दिस्तोमो गावात १० जून १९४४ ला जर्मन सैन्याने २१८ गावकऱ्यांना ठार मारलं होतं. टेकडीवर त्यांचं स्मारक आहे, जमल्यास दोन मिनिटं थांबा.

आईंच्या जेवणाची काळजी करू नका, फक्त विचारून घ्या. ऑर्थोडॉक्स उपवासांमुळे ग्रीक स्वयंपाकात बिनमांसाचे पदार्थ भरपूर आहेत. फासोलादा हे घेवड्याचं सूप, फाकेस म्हणजे मसुराचं, यीगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, ब्रियाम ही भाज्यांची ओव्हनमधली मिसळण, होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या लिंबू-तेलासह. भात भरलेले टोमॅटो, येमिस्ता, मिळतात, पण त्यात कधी खिमा असतो, तो नाही ना हे विचारा. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं असं सांगितलं की मांस, अंडी, दूध टळतं. कोळंबी आणि माकुल मात्र त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढं वेगळं सांगावं लागतं. आराखोव्याचं फोर्माएला चीज भाजून देतात, चव सुरेख, पण पारंपरिक चीज विरजताना प्राण्यांचं रेनेट वापरतात, आईंना ते चालत नसेल तर टाळा. किराणा शनिवारीच घ्या, रविवारी दुकानं बहुतेक बंद.

ऑक्टोबरमध्ये दुपारी ऊन लागेल आणि रात्री जॅकेट. पाऊस अचानक येतो आणि ओला दगड घसरतो, म्हणून दोन रात्री असल्या की एक सकाळ तरी कोरडी मिळते. २८ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी आणि सरकारी स्थळांना मोफत प्रवेश, म्हणजे गर्दी. ती तारीख टाळता आली तर टाळा. औषधांचं दुकान गावात आहे, रुग्णालय आम्फिसाला, साधारण वीस किलोमीटरवर. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत जवळ असू द्या.

येण्यासाठी अथेन्सहून केटीईएल या ग्रीक आंतरशहर बससेवेची बस आहे, दिवसातून मोजक्या फेऱ्या, तेव्हा परतीचं तिकीट पोचल्याबरोबर काढा. तुम्हा सगळ्यांना सामानासह गाडी करणं सोपं पडतं. स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. आणि तुमच्या यादीत ऑलिम्पिया असेल तर अथेन्सला परत जाऊ नका. डेल्फीहून इटेआ, गालाक्सिदी, नाफ्पाक्तोस असं किनाऱ्याने जाऊन रिओ-आंतिरिओचा पूल ओलांडला की पेलोपोनीस, ऑलिम्पिया ज्या द्वीपकल्पावर आहे तो. साडेतीन-चार तास लागतात, रस्ता जवळजवळ नाफ्पाक्तोसपर्यंत समुद्राकाठून जातो. दुपारचं जेवण नाफ्पाक्तोसच्या जुन्या छोट्या बंदरावर घ्या, तिथे बाबांना एकही पायरी चढावी लागणार नाही.